खाज कातड्यावर, कारण उकिरड्यावर : ‘बरसाती’ची गोष्ट



आजची नोंद पऱ्हाटीची नाही, तुरीचीही नाही. घोड्याची आहे. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात घोडी किती, असं कोणी विचारलं तर प्रश्न बरोबरच आहे. वरातीच्या घोड्या, काही हौशी लोकांची जनावरं, आणि वावरात मेंढरं बसवायला येणाऱ्या धनगर मंडळींची सामान वाहणारी तट्टं, एवढाच आपला घोड्याशी संबंध उरला आहे. तरी लिहितोय. कारण घोड्याच्या खाजेचा इतिहास वाचत गेलो आणि त्यात आपला कोठा, आपला उकिरडा आणि आपला फवारणीचा पंप हे तिन्ही सापडले. नोंद लांब आहे. सवडीनं वाचा.

शब्द आपला, पुस्तकं त्यांची

इंग्रजांच्या काळात घोड्यांच्या रोगांवर जी पुस्तकं निघाली, त्यात एक देशी शब्द जसाच्या तसा भेटतो : ‘बरसाती’. बरसातीत होते म्हणून बरसाती. हे नाव कुठल्या डॉक्टरानं दिलेलं नाही. तबेल्यात खरारा करणाऱ्या सईस लोकांच्या तोंडचा हा शब्द. गोऱ्या पशुवैद्यांकडे या रोगाला नाव नव्हतं, म्हणून त्यांनी तो उचलला.

रोग असा. मृग लागला, दोन-चार चांगले पाऊस झाले की घोड्याच्या ओठाच्या कडेला, डोळ्याच्या कोपऱ्यात, पायाच्या खालच्या भागात, नर असेल तर मूत्रमार्गाच्या जागी, नाहीतर अंगावर कुठं खरचटलं असेल तिथं जखम चिघळायची. साधी जखम आठ-पंधरा दिवसांत सुकते. ही सुकायची नाही, वाढायची. आत लालसर मांस फुगून वर यायचं आणि त्यात तांदळाच्या कण्यांसारखे पिवळट कठीण खडे सापडायचे. त्या खड्यांनाही सईस लोकांचाच शब्द होता, ‘कंकर’. तोसुद्धा इंग्रजी पुस्तकांत गेला. आणि खाज अशी की घोडा स्वतःच्या दातानं जखम फाडायचा, खुंटाला आणि भिंतीला घासून रक्त काढायचा.

थंडी पडली की जखम आपोआप आखडायची, बरी झाली असं वाटायचं. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा त्याच जागी.

हे शेवटचं वाक्य ध्यानात ठेवा. पुढचा सगळा गोंधळ त्यातूनच झाला.

सालोत्री, छावणी आणि डागणी

आपल्याकडे घोड्याचं वैद्यक नवं नव्हतं. शालिहोत्राच्या नावानं चालत आलेली अश्ववैद्यकाची परंपरा जुनी आहे. त्याच नावावरून घोड्याच्या वैद्याला ‘सालोत्री’ म्हणत. मराठी फौजांचा तर सगळा जोरच घोड्यावर होता. भीमा खोऱ्यातलं भीमथडी तट्टू उंचीनं बेताचं, पण कमी चाऱ्यावर लांब पल्ला मारणारं. आजही धनगरांच्या बिऱ्हाडाबरोबर जी काटक तट्टं दिसतात, त्यात या जातीचा वारसा आहे.

इंग्रजी अमलात चित्र बदललं. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. आपला जिल्हा तेव्हा ‘वणी’ जिल्हा म्हणून ओळखला जायचा. ‘यवतमाळ’ हे नाव १९०५ चं. आपल्या चौफेर घोडदळाच्या नाहीतर फौजेच्या छावण्या होत्या. पैनगंगेपलीकडे हिंगोली, वर अचलपूर म्हणजे तेव्हाचं एलिचपूर, पूर्वेला नागपूरजवळ कामठी, पश्चिमेला जालना. फौजेसाठी घोडा आखातातून मुंबई बंदरात यायचा, नाहीतर ऑस्ट्रेलियातून जहाजानं. ऑस्ट्रेलियाच्या घोड्याला ‘वेलर’ म्हणत, कारण तो न्यू साउथ वेल्समधून यायचा. एका घोड्यामागे सरकारचा मोठा पैसा अडकलेला असायचा. म्हणून पावसाळ्यात घोडा खाजेनं आणि जखमेनं बसून राहिला की वरपर्यंत विचारणा व्हायची.

मग तर्क सुरू झाले. कोणी म्हणे रक्त बिघडलं. कोणी म्हणे ओला चारा बाधला. कोणी म्हणे पावसाळी हवा, दमट जमीन. कोणाला ते कर्करोगासारखं वाटलं. १८८४ मध्ये फ्रेडरिक स्मिथ या लष्करी पशुवैद्यानं जखमेच्या मांसात बुरशीसारखे धागे पाहिले आणि रोग बुरशीचा आहे असं मांडलं. इलाज मात्र बहुतेकांचे एकाच वळणाचे होते. कापा, डाग द्या, जाळणारं औषध लावा.

आता वरचं वाक्य आठवा. थंडीत जखम आपोआप आखडते. म्हणजे आश्विन-कार्तिकात जो कोणी औषध देईल, त्याचं औषध लागू पडलं असंच दिसणार. दिवाळीच्या तोंडावर डाग देणाऱ्याचा डाग यशस्वी, लेप देणाऱ्याचा लेप यशस्वी. सगळेच खरे ठरले म्हणून खरं काय ते कोणालाच कळलं नाही. माझ्या मते या रोगाचं कारण इतकी वर्षं सापडलं नाही त्यातला मोठा वाटा या फसवणुकीचा आहे. आणि कृषी सेवा केंद्रावर उभं राहून आपण अजूनही याच पद्धतीनं औषधं ठरवतो, हे ज्यानं त्यानं मनाशी म्हणून बघावं.

मुंबईची घरमाशी, १८६१

एक धागा मात्र फार आधी, आणि तोही आपल्या मुंबईत, हाती लागला होता.

हेन्री जॉन कार्टर हा मुंबईच्या फौजेतला सर्जन. हाताशी सूक्ष्मदर्शक आणि बघण्याची भारी आवड. नारूवर त्यानं मुंबईत काम केलं होतं. नारू म्हणजे पायातून दोरीसारखा बाहेर येणारा जंत. आपल्याकडच्या सत्तरी ओलांडलेल्या माणसांना तो सांगावा लागत नाही. तर या कार्टरनं १८६१ मध्ये मुंबईतली साधी घरमाशी फोडून पाहिली. माशीच्या सोंडेत आणि डोक्यात बारीक धाग्यासारखे जंत दिसले. त्याच्या नोंदीप्रमाणे साधारण दर तीन माश्यांत एकीत हे जंत होते, आणि ते मुख्यतः सोंडेतच गोळा झालेले होते.

त्यानं त्याचं वर्णन छापलं, जंताला नाव दिलं. पण हा जंत माशीत कुठून आला आणि माशीच्या सोंडेत बसून कशाची वाट बघतोय, हा दुवा तेव्हा जुळला नाही. माशीत जंत सापडला, एवढ्यावर गोष्ट थांबली. त्याच मुंबईत हजारो घोडे बग्ग्यांना आणि तबेल्यांत होते, त्यांच्या डोळ्यांवर त्याच माश्या बसत होत्या, पावसाळ्यात त्यांना बरसाती होत होती. माशी बघणारा माणूस घोड्याकडे बघत नव्हता. घोडा बघणारा माशीकडे बघत नव्हता. आणि लिदीच्या ढिगाकडे तर दोघांपैकी कोणीच बघत नव्हतं.

मधल्या काळात संस्था उभ्या राहिल्या. १८८६ मध्ये मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. १८८९ मध्ये पुण्यात जनावरांच्या रोगांच्या संशोधनाची सरकारी प्रयोगशाळा निघाली. ती पुढे कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला गेली. तरी बरसातीचं कोडं तसंच होतं.

पन्नास वर्षांनी गाठ पडली

१९११ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या ब्रेटन रॅन्सम या जंतशास्त्रज्ञानं गाठ बांधली. कार्टरच्या माशीतला जंत हा घोड्याच्या जठरात राहणारा जंत आहे, हे त्यानं दाखवलं. साखळी अशी.

घोड्याच्या जठरात मोठे जंत राहतात. त्यांची पिल्लं लिदीबरोबर बाहेर पडतात. त्याच लिदीत माशी अंडी घालते. माशीच्या अळ्या लीद खाताना जंताची पिल्लं गिळतात. अळीची माशी होईतो पिल्लं तिच्यात वाढतात आणि शेवटी सोंडेत येऊन बसतात. माशी घोड्याच्या ओठावर बसली की ऊब आणि ओल लागून पिल्लं बाहेर उतरतात. घोड्यानं ओठ चाटला की पोटात. साखळी पूर्ण.

पण माशी ओठावरच बसेल असं थोडंच आहे? ती जखमेवर बसते, डोळ्याच्या पाण्यावर बसते. तिथं उतरलेली पिल्लं वाट चुकतात. पोट मिळत नाही, मोठं होता येत नाही, कातड्यात फिरतात आणि तिथंच मरतात. घोड्याचं शरीर त्यांच्यावर चवताळून उठतं. तीच ती खाज, तेच फुगलेलं मांस, आणि मेलेल्या पिल्लांभोवती जमलेले तेच कंकर. १९१६ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात लायोनेल बुल यानं अशा गाठींचं काम केलं आणि जंताची पिल्लं आणि कातड्याचा हा रोग यांचा संबंध पक्का होत गेला.

फ्रेडरिक स्मिथ मग चूक होता का? पूर्ण नाही. साचलेल्या पाण्यातल्या बुरशीसारख्या एका जीवामुळेही घोड्याच्या पायाला आणि पोटाखाली तशाच चिघळणाऱ्या गाठी होतात, त्यातही खडे सापडतात. डच लोकांच्या ताब्यातल्या इंडोनेशियात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचा अभ्यास झाला. त्याला ‘पिथियम इन्सिडिओसम’ हे आजचं नाव १९८७ मध्ये मिळालं. म्हणजे ‘बरसाती’ या एका शब्दाखाली निदान दोन रोग होते. एकाचं मूळ लिदीत, दुसऱ्याचं डबक्यात. दोन्हीपैकी एकाचंही मूळ घोड्याच्या बिघडलेल्या रक्तात नव्हतं.

जखम नाही, तरी खाज

आता दुसरी खाज. ही जास्त घोड्यांना होते आणि जास्त गैरसमजाची आहे.

घोडा आयाळ घासतो, शेपटीचं मूळ घासतो. केस तुटून शेपूट उंदरानं कुरतडल्यासारखी होते. पाठीवर आणि पोटाखालच्या मधल्या रेषेवर खपल्या धरतात, कातडं जाड होतं, सुरकुत्या पडतात. जखम नंतर होते, आधी नुसती खाज. मालक म्हणतो खरूज आहे, नाहीतर पोटात जंत आहेत, नाहीतर उष्णता झाली.

१९५० च्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड भागात रीक नावाच्या संशोधकानं दाखवलं की ही चिलटाच्या चाव्याची ॲलर्जी आहे. चिलटं म्हणजे डासापेक्षाही बारीक, तीळभर, ‘क्युलिकॉइड्स’ जातीची. चावताना त्यांची लाळ कातड्यात जाते. बहुतेक घोड्यांना तिचं काही वाटत नाही. काहींचं शरीर त्या लाळेला शत्रू समजतं. मग दहा चिलटं चावली तरी अंगभर आग होते. शेजारचा घोडा शंभर चावे खाऊन निवांत उभा असतो. म्हणून ‘एकाच खुंटावरच्या दोन घोड्यांत एकालाच कसं झालं?’ या प्रश्नाचं उत्तर चाऱ्यात शोधू नका. ही प्रवृत्ती रक्ताच्या नात्यात उतरते, आणि दरवर्षी चावे मिळत गेले की त्रास वाढत जातो.

याचा सगळ्यात स्पष्ट पुरावा पार उत्तरेकडच्या आइसलँडमधून आला. तिथं घोड्याला चावणारी ही चिलटं नव्हती, म्हणून तिथं ही खाजही नव्हती. पण तिथले मोठे झालेले घोडे युरोपात विकले गेले की त्यातल्या बऱ्याच घोड्यांना दोन-चार उन्हाळ्यांत खाज लागते. त्याच रक्ताचं शिंगरू युरोपातच जन्मलं तर त्याला त्रास कमी. लहानपणापासून चावे अंगवळणी पडलेल्या जनावराचं शरीर वेगळं वागतं.

हे चिलट नुसतं खाजेपुरतं नाही. १९५९ ते १९६१ या काळात आफ्रिकन हॉर्स सिकनेस हा घोड्यांचा विषाणूरोग मध्यपूर्वेतून पाकिस्तानमार्गे भारतात पोहोचला. त्या साथीत या सगळ्या देशांत मिळून तीन लाखांच्या घरात घोडे, खेचरं, गाढवं मेली. तो पसरवणारं चिलट याच क्युलिकॉइड्स जातीचं. मेंढरांचा ब्लूटंग पसरवणारंही तेच.

आणि मोठी गोमाशी? १८८० मध्ये डेरा इस्माईल खान इथं ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्यानं ‘सर्रा’ झालेल्या घोड्या-उंटांच्या रक्तात वळवळणारा सूक्ष्म जीव पाहिला. १९०१ मध्ये लिओनार्ड रॉजर्सनं प्रयोग करून दाखवलं की गोमाशी एका जनावराचं रक्त पिता पिता उठून दुसऱ्यावर बसली की रोग नेते. म्हणजे खाज, जखम, ताप, मरण या सगळ्या वाटा माशीच्याच पायाखालून जातात.

नारूनं शिकवलेलं

कार्टरच्या नारूकडे परत येतो. नारू पायावर दिसायचा. गावोगाव माणसं काडीला गुंडाळून तो रोज इंच-इंच ओढायची, पाला बांधायची. पण देशातून नारू पायावरच्या इलाजानं गेला नाही. पायऱ्यांच्या विहिरीत माणसं उतरायची बंद झाली, पाणी गाळून प्यायलं गेलं, बारव जाऊन हातपंप आले, तेव्हा गेला. १९९६ मध्ये देशातला शेवटचा रुग्ण सापडला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला.

घोड्याची खाज तशीच आहे. दिसते कातड्यावर. कारण लिदीच्या ढिगात आणि खुंटाजवळच्या चिखलात. कातड्यावर औषध लावावं लागतं, नाही असं नाही. पण नुसतं तेवढंच केलं तर दर मृगाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

बैलांचंही वेगळं नाही. आसाम, ओडिशाकडे बैलाच्या वशिंडावर न भरणारी खाजरी जखम होते, तीही माशीतून येणाऱ्या बारीक जंताची. आणि २०२२ च्या पावसाळ्यात लम्पीनं आपल्याकडे काय केलं ते सांगायला नको. चावणाऱ्या माश्या, डास, गोचीड यांच्यामार्फतच तो कोठ्या-कोठ्यात शिरला. पोळ्याला खांद शेकायला बैलाजवळ जायची भीती वाटली, असं ते वर्ष होतं.

माशी ओळखा, मग उपाय

सगळ्या माश्यांवर एकच उपाय नाही. कोण कधी चावतं आणि कुठं जन्मतं हे बघितलं की उपाय आपोआप सुचतो.

१. घरमाशी. चावत नाही, चाटते. डोळे, ओठ, जखम. ताज्या लिदीत-शेणात अंडी. उष्ण हवेत अंड्यापासून माशी आठ-दहा दिवसांत. म्हणून खुंटाजवळची लीद रोज उचला आणि आठवड्यात दोनदा तरी ढिगावर मातीचा थर द्या, नाहीतर प्लास्टिक टाकून कडा दाबा. ढीग आत तापतो, तिथं अळी जगत नाही. ती कडेच्या गार-ओल्या पट्ट्यात वाढते. ढीग उलटून कडेचं आत घातलं की माशी मरते आणि खतही लवकर कुजतं. ज्यांच्याकडे गोबरगॅस आहे त्यांचं निम्मं काम झालेलं आहे. जखम लहान असेल तेव्हाच धुऊन झाकली तर बरसातीला दार मिळत नाही.

२. चावरी माशी. दिसते घरमाशीसारखीच, पण सोंड सुईसारखी पुढे आलेली. दिवसा पायांना चावते, जनावर सारखं पाय आपटतं. मूत आणि शेण मिसळलेल्या कुजक्या गवतात, गव्हांड्यात वाढते. गव्हाणीखालचा ओला कचरा काढला की कमी होते.

३. गोमाशी. मोठी, उन्हातली, चावली की रक्ताचा थेंब. नाल्याकाठी, ओल्या जमिनीत वाढते. तिचं जन्मस्थान आपल्या हातात नाही. भर दुपारी जनावर नाल्याकाठी बांधू नका, सावलीत आणा.

४. चिलटं. खाजेची खरी मालकीण. ओल्या शेणमिश्र चिखलात वाढतात : हौदाची गळती, कोठ्याचं वाहतं पाणी, कालव्याच्या पाझराची दलदल. बेंबळा, अरुणावती, अडाणच्या कालव्याखाली ज्यांची गावं आहेत तिथं पाऊस थांबल्यावरही चिखल राहतो, म्हणजे चिलटांचा हंगामही लांबतो. चावतात मुख्यतः दिवस मावळताना आणि उजाडताना. उडण्यात कच्ची, जरा वारा असला की उडू शकत नाहीत.

या शेवटच्या वाक्यात सगळ्यात स्वस्त उपाय आहे. दिवस बुडायच्या आधी घोडा आत घ्या आणि त्याच्यावर साधा पंखा लावा, वायर त्याच्या तोंडापासून लांब ठेवून. वीज नसेल तर चिखलापासून दूर, उंचवट्यावर, वारा लागेल अशा जागी बांधा. साध्या मच्छरदाणीतून चिलट आत शिरतं, जाळी फार बारीक लागते. सुती झूल मान-पाठ-पोट झाकेल अशी शिवून घातली तर चावे बरेच कमी होतात. पावसात ती ओली ठेवू नका, नाहीतर वेगळीच बुरशी लागेल.

कडुनिंबाच्या पाल्याची धुरी आपल्याकडे चालतच आलेली आहे. धुरानं चिलट हटतं. पण धुरी वाऱ्याच्या बाजूला, उघड्यावर, थोडा वेळ. बंद कोठ्यात धूर कोंडला तर घोड्याच्या फुफ्फुसाला तो बैलापेक्षा लवकर बाधतो. करंजाचं किंवा निंबाचं तेल लावायचं तर पातळ करून, आधी तळहाताएवढ्या जागेवर एक दिवस लावून बघा. ॲलर्जीच्या कातड्यावर घट्ट तेलानंही आग होते.

पंपातलं औषध अंगावर नको

आता ज्या गोष्टीसाठी ही नोंद मुळात लिहिली ती.

खाज थांबत नाही म्हणून कपाशीवरचं उरलेलं कीटकनाशक पाण्यात कालवून जनावराच्या अंगावर मारणारी माणसं मी बघितली आहेत. ‘माशीच मरायची आहे ना’ हा त्यामागचा हिशोब. २०१७ च्या खरिपात फवारणी करताना विषबाधा होऊन एकट्या आपल्या जिल्ह्यात वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले. ते विष कोणी प्यायलं नव्हतं. कातड्यातून आणि श्वासातूनच गेलं होतं. मग खाजवून खाजवून रक्त काढलेल्या, सोललेल्या कातड्यावर तेच औषध मारलं तर आत किती जाईल? वर घोडा अंग चाटतो, आणि हात त्याच्या अंगावर फिरवणारं पोरगं आपलंच असतं.

दुसरी गोष्ट. गोचिडासाठी बैल-गाईंवर वापरतात ते अमिट्राझ घोड्याला चालत नाही. त्यानं घोड्याच्या आतड्याची हालचाल मंदावते, पोटशूळ होतो, जनावर दगावू शकतं. बैलाचं औषध घोड्याला असं कधीच समजू नका. माशीसाठी घोड्याला चालणारी परमेथ्रिन प्रकारची औषधं मिळतात. डॉक्टरला विचारून, लेबलवर घोड्याचं नाव बघूनच घ्या.

तिसरी. खाज लगेच थांबवणारं स्टेरॉइडचं इंजेक्शन ‘नेहमीचं’ म्हणून मागू नका. घोड्यात त्यानं खुरांच्या आत सूज येऊन तो कायमचा लंगडा होण्याची भीती असते. कधी द्यायचं, किती द्यायचं, हा निर्णय डॉक्टरचा. बरसातीच्या जंतावर आयव्हरमेक्टिन चालतं, पण तेही अंदाजानं वारंवार नको. त्याचा अंश शेण-लिदीत उतरतो आणि शेणकिडे मरतात. शेणकिडे गेले की शेण तसंच पडून राहतं आणि माशीचंच फावतं. कृषीच्या मंडळींनी हा मुद्दा गावात जरूर सांगावा.

प्रत्येक खाज चाव्याची नसते

चिलटाची खाज असेल तर हंगामाशी तिचा मेळ बसतो : पावसाळ्यात वाढते, कडक थंडीत आणि कोरड्या उन्हाळ्यात घटते. बाराही महिने सारखीच असेल तर खरूज, उवा, बुरशी यांची तपासणी करून घ्या. ताप येऊन जातो, घोडा वाळत चालला, पायावर-पोटाखाली सूज आहे, तर सर्राची रक्ततपासणी. आणि अंगावर माळेसारख्या ओळीनं गाठी फुटत असतील, नाकातून घट्ट स्राव येत असेल, तर जखमेला हातच लावू नका. तो ग्लँडर्स असू शकतो. तो माणसालाही होतो, आणि त्याची खबर सरकारी दवाखान्याला देणं कायद्यानं बंधनकारक आहे. त्याचे नमुने हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात तपासले जातात. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा फुकट नंबर आहे. गावातल्या वरातीच्या घोडीवाल्याला आणि वावरात उतरलेल्या धनगर मंडळींना तो लिहून द्या. त्यांचं बिऱ्हाड आज इथं, उद्या दुसऱ्या तालुक्यात. दवाखाना कुठं आहे हे त्यांना आपण सांगितलं तरच कळतं.

एक काम मात्र या पावसाळ्यात सगळ्यांनी करण्यासारखं आहे. घोडा असो की बैलजोडी. कोठ्यातल्या कॅलेंडरवर पहिल्या चांगल्या पावसाची तारीख लिहा, जनावर अंग घासायला लागलं ती तारीख लिहा, उकिरडा उलटला ती तारीख लिहा, औषध दिलं तीही लिहा. दिवाळीला चारही तारखा शेजारी ठेवून बघा. खाज औषधानं गेली की थंडीनं, ते तुमच्या तुम्हालाच दिसेल. बरसातीच्या बाबतीत ही नोंद कोणी नीट ठेवली असती, तर कदाचित एवढे घोडे डागले गेले नसते.

ज्यांच्याकडे घोडी आहेत, किंवा ज्यांच्या आजा-पणजाकडे होत्या, त्यांनी आपल्या घरातला खाजेचा जुना इलाज खाली लिहावा. कोणत्या महिन्यात करायचे, तेही लिहा. तेच जास्त महत्त्वाचं आहे.